किंमत पुस्तकाची की समोरच्याच्या गरजेची?

सप्रेम नमस्कार.

माझे मामा गेल्या वर्षी वारले. आयुष्यभर त्यांनी खेळांवरची पुस्तकं जमवली. क्रिकेटची सर्वात जास्त, थोडी बॉक्सिंगची, थोडी गोल्फची. सगळी मिळून 140 च्या आसपास. मामींना आता घर आवरायचंय आणि विक्रीचं काम माझ्याकडे आलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. एका पुस्तकविक्रेत्याने सगळ्या गठ्ठ्याची उक्ती किंमत सांगितली, ती ऐकून मामी म्हणाल्या, ‘यापेक्षा रद्दीत घालू.’ दुसरीकडे मामांच्या ओळखीतले एक वयस्कर संग्राहक आहेत. त्यांच्याकडे ‘विस्डेन’ या इंग्रजी क्रिकेट-वार्षिकाच्या अंकांची लांबलचक रांग आहे, तिच्यात फक्त 1916 चा अंक नाही. तो मामांकडे आहे. ते म्हणाले, ‘तुम्ही म्हणाल ती किंमत, मी घासाघीस करणार नाही.’ नेटवर पाहिलं तर या एकाच अंकाच्या किमतींत दहापटीचा फरक! वरची सांगितली तर म्हाताऱ्या माणसाला लुबाडल्यासारखं होईल, खालची सांगितली तर मामींचं नुकसान. शिवाय एका बॉक्सरच्या आत्मचरित्रावर त्याची सही आहे, तिचं काय करायचं? रास्त किंमत ठरवायची तरी कशी?
— एक भाचा

भाचेसाहेब,

‘घासाघीस करणार नाही’ हे वाक्य ऐकलं की चांगल्या विक्रेत्याची झोप उडते. भाव करणारं गिऱ्हाईक बरं, तुमची चूक ते सुधारतं तरी. या गृहस्थांनी सगळा भार तुमच्यावर टाकून दिलाय. पण तुमच्या मनाला जे टोचतंय त्यातलं निम्मं तरी सदसद्विवेकाचं नाही, माहितीचं आहे. ते आधी मिटवू.

1916 चा अंक म्हणजे पहिल्या महायुद्धातला. इंग्लंडमधलं मोठं क्रिकेट बंद, म्हणून अंक बारीक आणि कमी छापलेला. त्यात इंग्लंडचे गाजलेले क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस ऑक्टोबर 1915 मध्ये गेले आणि ऑस्ट्रेलियाचा फलंदाज व्हिक्टर ट्रंपर त्याच वर्षी जूनमध्ये. दोघांचेही मृत्युलेख याच अंकात आहेत. बाकी पानंच्या पानं युद्धात पडलेल्या खेळाडूंची. कवी रूपर्ट ब्रूकचीही नोंद तिथे आहे, शाळेच्या संघातला गोलंदाज म्हणून. थोडक्यात, कमी छापला गेला आणि सगळ्यांना हवा असतो. भाव चढायला ही दोन्ही टोकं लागतात बरं. नुसतं कमी छापलेलं पुस्तक दुर्मीळ असतं, महाग नसतं. एखाद्या क्लबाने हौसेने काढलेली शंभर प्रतींची स्मरणिका जगात कुणालाच नको असेल, तर ती शंभरही जास्तच झाली.

आता तो दहापटीचा फरक. पाहणाऱ्याला वाटतं की विकणारे मनाला येईल ते सांगतायत. काही सांगतातही. पण बराचसा फरक खरा आहे, कारण त्या जाहिरातींतल्या वस्तूच वेगवेगळ्या आहेत. विस्डेन 1864 पासून निघतं. आधी ते फक्त कागदी वेष्टणात मिळायचं, 1896 पासून प्रकाशकाच्याच कापडी बांधणीतही मिळू लागलं. कापडी प्रती कमी निघाल्या, म्हणून जुन्या अंकांत त्यांचा भाव कागदीच्या बराच वर असतो. त्याखाली मूळ कागदी वेष्टणातली, कणा शाबूत असलेली प्रत. त्याखाली नंतर कुणीतरी नव्याने बांधून घेतलेली, पण मूळ वेष्टणाची पानं आत राखलेली. त्याखाली बांधणाऱ्याने वेष्टण आणि पुढच्या-मागच्या जाहिरातींची पानं फेकून दिलेली. आणि अगदी तळाला हुबेहूब पुनर्मुद्रण. पहिल्या पंधरा वर्षांच्या अंकांची तशी पुनर्मुद्रणं तर संग्राहकांना पाठ आहेत, नंतरच्या अंकांचीही निघाली. नवख्या माणसाने यातलं पाचवं हातात धरून पहिल्याची किंमत सांगितली, तर तो लोभी नसतो, अडाणी असतो. घेणाऱ्याच्या खिशाला मात्र दोन्ही सारखंच.

म्हणून फोन करण्याआधी टेबलावर स्वच्छ कापड अंथरा, हात धुऊन कोरडे करा आणि तो अंक उघडा. कणा वरून खालपर्यंत बघा: कागद तडकलाय का, नवीन कागद चिकटवलाय का, पाठीवरची अक्षरं वाचता येतात का. पुस्तक टेबलावर ठेवून अलगद उघडा, पुठ्ठा सांध्यात हलतो का ते बघा. मग पान आणि पान उलटा. हो, सगळी. पृष्ठांक सलग आहेत ना, सुरुवातीच्या आणि शेवटच्या जाहिराती आहेत का, कुठे चिकटपट्टी लावलीय का, कसर लागलीय का, कुणी नाव घातलंय का, ग्रंथालयाचा शिक्का आहे का. जुन्या कागदावर तांबूस ठिपके पडतात, व्यापारात त्यांना ‘फॉक्सिंग’ म्हणतात; ते किती पानांवर आहेत तेही लिहा. वास घ्या. हसू नका, ओल लागलेलं पुस्तक नाकाला आधी कळतं.

हा धडा मी पैसे मोजून शिकलेय. माझ्या पुस्तकविक्रीच्या सुरुवातीच्या काळात एक गिर्यारोहणाचं पुस्तक मी ‘संपूर्ण, उत्तम स्थितीत’ म्हणून विकलं. छायाचित्रांची यादी पुस्तकात होती, छायाचित्रंही होती. एकाला एक जुळवून मी पाहिली नव्हती. आठवड्याने गिऱ्हाइकाचं पत्र आलं, दोनच ओळींचं, अतिशय सभ्य: ‘पुस्तक पोहोचलं. चित्र क्रमांक 11 कुठे आहे?’ कुणीतरी कधीकाळी ते ब्लेडने कापून नेलं होतं, मुळाशी दोन मिलिमीटरची पट्टी तेवढी उरली होती. मी सगळे पैसे आणि दोन्ही वेळचं टपाल परत केलं. तो माणूस पुढे बरीच वर्षं माझ्याकडून पुस्तकं घेत राहिला, पण प्रत्येक वेळी विचारायचा, ‘चित्रं मोजलीत ना?’

जे सापडेल ते सगळं एका कागदावर उतरवा. शब्द जपून. या व्यापारात ‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे. ‘फाइन’, मग ‘व्हेरी गुड’, आणि त्याच्याही खाली ‘गुड’, म्हणजे वापरून थकलेलं, पण पानं पूर्ण असलेलं पुस्तक. तुम्ही भोळेपणाने ‘गुड’ लिहाल आणि संग्राहक समजेल की पुस्तकाची कळा गेलीय. उलट ‘व्हेरी गुड’ लिहून कणा तडकलेला निघाला तर बोलणी खाल. श्रेणी लिहूच नका असं मी म्हणेन. दोष लिहा. श्रेणी काय ती वाचणाऱ्याला लावू द्या.

आता आकडा. पहिली गोष्ट, नेटवर दिसते ती मागितलेली किंमत. ती मिळालेली असतेच असं नाही. पुस्तक तीन वर्षं त्या किमतीला तसंच पडून असेल, तर ती किंमत चुकलीय याचाच तो पुरावा. 2011 मध्ये माश्यांच्या जनुकशास्त्रावरचं एक पाठ्यपुस्तक ॲमेझॉनवर सुमारे 2 कोटी 37 लाख डॉलरला लागलं होतं. दोन विक्रेत्यांच्या संगणकांनी एकमेकांकडे बघून भाव लावायचा असा बेत होता: एक दुसऱ्याच्या किंचित खाली जायचा, दुसरा पहिल्याच्या सव्वापट वर. माणूस मध्ये नव्हताच, आकडा दिवसागणिक फुगत गेला. तुमच्या पडद्यावरच्या काही किमती अशाच जन्मलेल्या असू शकतात. कारण विक्रेता समोरच्याची जाहिरात बघतो, समोरचा त्याची, आणि प्रत्यक्षात कुणीच काही विकलेलं नसतं. आणि हो, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला मिळणाऱ्या ओळख-क्रमांकाची पद्धत 1970 च्या सुमाराची. मामांची बरीच पुस्तकं त्याआधीची असतील, त्यामुळे नाव टाकून शोधताना भलत्याच आवृत्तीची किंमत समोर येईल. शीर्षकपानाच्या मागचं पान वाचल्याशिवाय कुठलाच आकडा आपल्या पुस्तकाचा मानू नका.

मग बघायचं काय? झालेली विक्री. लिलावगृहं आपले जुने निकाल जाहीर करतात. खेळांच्या पुस्तकांचे लिलाव नियमित होतात आणि विस्डेन त्यांत हटकून असतं. गेल्या तीन-चार वर्षांतले, तुमच्या प्रतीशी स्थितीने जुळणारे तीन निकाल मिळाले तरी पुरे. सर्वात वरचा निकाल जरा संशयाने बघा; दोन हट्टी माणसं एकाच दिवशी एका खोलीत आली की भाव चढतो, तो पुन्हा मिळत नाही.

लिलावाचा आकडा वाचताना एक गंमत लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. समजा हातोडा 100 वर पडला. घेणाऱ्याला त्यावर लिलावगृहाचं शुल्क द्यावं लागतं, म्हणजे तो धरा 125 मोजतो. विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, त्याच्या हातात येतात धरा 85. (टक्के लिलावगृहागणिक बदलतात, चौकशी करा.) एकाच पुस्तकाला एकाच दिवशी तीन किमती, आणि तिन्ही खऱ्या. आता तुमचे संग्राहक आणि तुमच्या मामी यांच्यामध्ये लिलावगृह नाही. 85 ते 125 हा सगळा पट्टा तुम्हा दोघांचा. त्यात 100 च्या आसपास सौदा झाला, तर मामींना लिलावापेक्षा जास्त मिळतात आणि संग्राहकांना लिलावापेक्षा कमी पडतात. कोण लुबाडलं गेलं मग?

राहिला त्यांच्या गरजेचा प्रश्न. रांगेत एकच दात पडलेला असला की संग्राहक वेडा होतो. तो दीडपट देईल. त्यांनी तसं जवळजवळ सांगितलंच आहे. बाजाराचे पंडित म्हणतील, देतोय तर घ्या, किंमत म्हणजे घेणाऱ्याची तयारी. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण दयामाया नाही. तुमच्या पुस्तकाने त्यांच्या रांगेतली पोकळी तयार केलेली नाही. ती पोकळी म्हणजे त्यांची तीसेक वर्षांची वणवण. तिची किंमत तुम्ही का वसूल करायची? मी स्वतः एक कसोटी लावते: हाच अंक उद्या अनोळखी माणसाने मागितला, तर मी हाच आकडा सांगेन का? सांगणार असेन तर तो पुस्तकाचा भाव. नाही तर तो समोरच्या माणसाचा भाव आहे.

उलट बाजूही तीच. ‘मामांचे स्नेही’ म्हणून तुम्ही आपणहून निम्म्याने देऊ नका. सूट देण्याचा हक्क मामींचा आहे, पुस्तकं त्यांची आहेत. त्यांना आकडा सांगा, त्यांनी दहा टक्के सोडायचे म्हटले तर आनंदाने सोडा. तुमच्या संकोचाची भरपाई मामींनी का करावी?

संग्राहकांशी बोलताना तो कागद समोर ठेवा. ‘या तीन विक्री सापडल्या, आपल्या प्रतीत हे दोष आहेत, म्हणून हा आकडा.’ एवढंच. ते तुमच्यापेक्षा जाणकार आहेत. तुमची चूक असेल तर तेच दाखवतील, कदाचित ‘अहो, ही मूळ बांधणी आहे, तुम्ही कमी सांगताय’ असंही म्हणतील. संग्राहकांत असे लोक भेटतात, मला भेटलेत. विचार करायला त्यांना आठ-पंधरा दिवस द्या आणि तेवढ्या दिवसांत दुसऱ्या कुणाशी बोलू नका. नसलेलं गिऱ्हाईक मात्र उभं करू नका. ‘अजून एक जण मागे लागलेत’ ही थाप या छोट्या जगात आठवडाभरात उघडी पडते, कारण तो दुसरा जो कुणी असेल तो यांच्याच ओळखीचा असतो.

आता तो विक्रेता, ज्याच्यावर मामी चिडल्या. त्याची थोडी बाजू घेते. गठ्ठा घेणारा माणूस साधारण पुढे मिळणाऱ्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बोलतो, चांगल्या मालाला निम्म्यापर्यंत जातो. ऐकायला लूट वाटते. पण 140 पुस्तकांतली वीसेक पटकन जातील, पन्नास दोन-तीन वर्षांत, आणि उरलेली त्याच्या कपाटात धूळ खातील. लोकप्रिय खेळाडूंची गेल्या तीस-चाळीस वर्षांतली आत्मचरित्रं तर लाखांनी छापलेली, ती कुणी फुकट नेली तरी आभार माना. जागा, वर्णनं लिहिण्याचे तास, टपाल, परत आलेली पुस्तकं, सगळं त्या दोन हिश्शांत. त्याने रोख देऊन सगळी खोली रिकामी करायची म्हटली असेल, तर ती सेवाच आहे आणि तिला किंमत पडते. लूट कधी म्हणायची? ‘यात विशेष काही नाही हो’ असं म्हणत त्याने 1916 चा अंक गठ्ठ्यात सरकवला असेल तेव्हा. जाणकाराने अजाण विकणाऱ्यासमोर गप्प बसणं हे माझ्या लेखी खोटं बोलण्याइतकंच. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांचा 1947 मध्ये स्थापन झालेला एक आंतरराष्ट्रीय संघ आहे, त्याची आचारसंहिता आहे. कोणी त्याचा सभासद असल्याचं सांगत असेल तर जरा निर्धास्तपणे बोलता येतं. एरवी सरळ विचारा, ‘यातली सगळ्यात मोलाची दहा कोणती?’ उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा.

मी तुमच्या जागी असते, तर निवडक दहा-पंधरा वेगळी काढून एकेकटी विकली असती आणि बाकीचा गठ्ठा त्याच विक्रेत्याला दिला असता. पण त्याला ते आधी सांगून. मलई काढून घेतलेलं दूध साईसकट म्हणून विकायचं नाही. आणि विस्डेनचे सलग अंक असतील तर ते फोडण्याआधी थांबा, सलग रांगेला वेगळी मागणी असते. 1916 चा काढला की मामांच्या रांगेत भगदाड पडणार, ते त्या हिशोबात धरा.

क्रिकेटच्या पुस्तकांची ओळख पटवायला पॅडविक यांची क्रिकेट-ग्रंथसूची हाताशी असावी. पहिली आवृत्ती 1977 ची, सुधारित 1984 ची. संग्राहक पुस्तकाचा उल्लेख तिच्यातल्या क्रमांकाने करतात. मोठ्या ग्रंथालयात बघायला मिळेल. पुस्तक तिच्यात नाही म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, कुठल्याच सूचीत सगळं मावत नाही.

मुद्दाम संग्राहकांसाठी छापलेली क्रमांकित पुस्तकं हा वेगळा प्राणी. मोहम्मद अलीवर ताशेन या जर्मन प्रकाशकाने 2003-04 च्या सुमारास काढलेला तो अजस्र ग्रंथ, वजन सुमारे 34 किलो, 10,000 क्रमांकित प्रती, अलीच्या सहीसह. तशा पुस्तकांचे मालक पहिल्या दिवसापासून ती जपतात, त्यामुळे बाजारात येणारी जवळपास प्रत्येक प्रत नव्यासारखी असते. खोका हरवला, कोपरा दबला की भाव धाडकन उतरतो. 1916 च्या अंकाचा फाटका कोपरा लोक माफ करतात, याचा करत नाहीत.

बॉक्सरची सही. तिथे मात्र हात आखडता घ्या. खेळाडूंच्या बनावट सह्यांचा धंदा इतका फोफावला होता की अमेरिकेत एफबीआयने 1990 च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढून टोळ्याच्या टोळ्या पकडल्या. भिंगाखाली बघा. सही छापलेली असेल तर रेष अगदी सपाट, ठिपक्यांची किंवा एकसारख्या काळेपणाची दिसेल. शाईची असेल तर रेषांच्या छेदांवर गडद होईल आणि कागदात थोडी उतरलेली दिसेल. शिक्का असेल तर कडांना शाई साठते. सही वेगळ्या चिठ्ठीवर करून आत चिकटवलीय का तेही बघा, थेट पानावरच्या सहीपेक्षा तिचा भाव कमी. मामांनी ती कुठे, कधी घेतली हे मामींना आठवतंय का? त्या वेळचा फोटो, तिकीट, पत्र, काहीही पुस्तकाबरोबर जायला हवं. काहीच नसेल तर ‘सही असलेली प्रत, खातरजमा केलेली नाही’ असं लिहा आणि किंमत बिनसहीच्या पुस्तकापेक्षा थोडीच वर ठेवा. जाणकाराकडून दाखला मिळाला तर मग वर जा.

आणि कृपा करून काही दुरुस्त करू नका. चिकटपट्टी नको, डिंक नको, वेष्टणाला प्लॅस्टिक चिकटवणं नको, दुसऱ्या प्रतीचं जॅकेट (वरचं सुटं वेष्टण) या प्रतीला चढवणं तर नकोच. आधीच कुणी केलं असेल तर कागदावर लिहा. विकलेलं पुस्तक वर्णनाप्रमाणे नसेल तर ठरावीक मुदतीत परत घेण्याची हमी द्या, तीही लेखी.

एक राहिलं. पानं उलटताना समासात पेन्सिलीच्या खुणा दिसतील. मामांसारखी माणसं आकडे दुरुस्त करतात, ‘चूक!’ असं लिहितात, सामना बघून आल्याची तारीख घालतात. खोडरबर हातात घेऊ नका. संग्राहकांपैकी काहींना त्या नको असतात, किंमत थोडी उतरेल, उतरू दे. ज्या दोन-तीन पुस्तकांत अशा खुणा सगळ्यात जास्त असतील, ती यादीत घालण्याआधी मामींच्या हातात द्या. 1916 च्या अंकात निघाल्या तर त्या संग्राहकांनाही आधी दाखवा. मामांचं अक्षर ते ओळखत असतील.